रांजणगाव की नासर्डी? प्लेटिंगच्या स्लजचा खर्च नेमका कोणी सोसायचा

अंबड एमआयडीसीतल्या एका लहान उद्योजकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं झिंक आणि निकेल-क्रोम प्लेटिंगचं, म्हणजे नगांवर धातूचा मुलामा चढवण्याचं युनिट आहे. ईटीपी, म्हणजे सांडपाण्यावरच्या प्रक्रियेची यंत्रणा चालवतो, त्यातून निघणारा घातक गाळ, म्हणजे स्लज, रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राला पाठवतो. त्याचा खर्च वाढतच चाललाय. आजूबाजूचे काही जण पावसाची वाट बघतात आणि सगळं नाल्यात सोडतात. त्यांचा जॉबवर्कचा दर माझ्यापेक्षा कमी, त्यामुळे ऑर्डर त्यांना जाते. प्रदूषणावर कर लावला की कारखानदार आपोआप सुधारतो, असं अर्थशास्त्र म्हणतं असं वाचलं. मग घातक कचऱ्यावरही कर लावावा का? आणि तोवर माझ्यासारख्यानं काय करायचं?"

कराबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे: विल्हेवाटीवर कर लावू नये. लावला तर तुमच्यासारखा माणूस आणखी मार खाईल आणि नासर्डी नदीत आणखी क्रोमियम जाईल. अर्थशास्त्राचं मूळ म्हणणं चुकीचं नाही, पण ते धुराला जसं लागू पडतं तसं स्लजला लागू पडत नाही. हा फरक आपल्या धोरणात नीट उतरलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला मुद्दा असा: कारखान्यामुळे होणारं नुकसान कारखान्याच्या हिशेबात येत नाही, ते शेजाऱ्याच्या माथी बसतं. तेवढ्या रकमेचा कर कारखान्यावर लावला की खरा खर्च त्याच्या वहीत येतो आणि प्रदूषण कमी करणं त्यालाच परवडू लागतं. नाशिकमध्ये हा शेजारी कोण, ते नकाशावर बघा. सातपूर-अंबड पट्ट्यातला नाला नासर्डीला मिळतो, नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते, आणि तेच पाणी एकलहरे ओलांडून निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात साठतं. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ क्षेत्र तेच. वाटेत विहिरी आहेत, उपसा योजना आहेत, द्राक्षबागा आहेत. अंबडमधल्या एखाद्या शेडमध्ये वाचलेले पैसे तिथे कुणीतरी भरत असतं आणि त्याला ते कळतही नाही.

आता तुमच्याच शेडमधला हिशेब मांडतो, कारण सगळं धोरण शेवटी तिथे येऊन टेकतं. क्रोमच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीत, साधारणपणे लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. रॅक वर उचलला की नगांना चिकटलेलं द्रावण सोबत निघतं, म्हणजे ड्रॅग-आउट. क्रोमिक ॲसिडच्या वजनात क्रोमियम ५२ टक्के, म्हणजे एक लिटर ड्रॅग-आउटमध्ये १३० ग्रॅम. प्लेटिंगच्या सांडपाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमिक ॲसिडमधलं जास्त विषारी रूप) ०.१ मिलिग्रॅम आहे. त्या एका लिटरवर काहीच प्रक्रिया न करता निव्वळ पाणी ओतून हेक्साव्हॅलंटची मर्यादा गाठायची म्हटली तर १३ लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे १३० टँकर. लोक म्हणतात "नाल्यात एवढं पाणी वाहतं, तेवढ्यानं काय होतंय". त्यांनी हा आकडा एकदा कागदावर लिहून बघावा.

ईटीपीत तुम्ही जे करता ते याच्या तुलनेत स्वस्त आहे. ॲसिड टाकून पीएच २ ते ३ वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, केशरी-पिवळं पाणी हिरवट झालं की हेक्साव्हॅलंट क्रोमियम ट्रायव्हॅलंट, म्हणजे बरंच कमी विषारी झालं. मग चुना किंवा कॉस्टिकनं पीएच साडेआठ-नऊच्या आसपास नेला की हिरवा गाळ खाली बसतो. तोच स्लज, घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्लेटिंगचा धातुयुक्त स्लज म्हणून नोंदलेला. इथपर्यंतचा खर्च सोसणारे बरेच आहेत. लोक अडतात ते पुढच्या टप्प्यावर. गोणीत भरलेला हा गाळ विकला जात नाही, त्याला जागा लागते, आणि तो हलवायचा तर पैसे आपणच द्यायचे.

नाशिकला स्वतःचं घातक कचऱ्याचं विल्हेवाट केंद्र नाही. माल रांजणगाव किंवा तळोज्याला जातो. वाहतूक आली, केंद्राची फी आली, प्रत्येक लॉटची तपासणी आली. मोठ्या वाहन कंपनीला हा खर्च जाणवत नाही. वर्षाला चार-पाच टन स्लज निघणाऱ्या युनिटला मात्र अर्धी गाडी रिकामी धावते आणि किलोमागे भाडं भरमसाट पडतं.

अशा माणसासमोर तीन वाटा असतात. स्लज कमी निर्माण करायचा, केंद्राला पाठवायचा, किंवा गुपचूप टाकायचा. विल्हेवाटीचा दर वाढवला की पहिली वाट थोडी आकर्षक होते आणि तिसरी खूपच आकर्षक होते, कारण तिसरीचा दर शून्यच राहतो. चिमणीचं तसं नसतं. धूर लपवून दुसऱ्या गावी सोडता येत नाही, चिमणी जागेवर असते, तिला मीटर बसतो. स्लजची गोणी मात्र रात्री उचलता येते. ज्या प्रदूषणाला पाय फुटतात त्याच्यावर शेवटच्या टप्प्यात किंमत लावली की ते पळून जातं.

यावर लगेच म्हटलं जातं की मग दंड वाढवा. दंडाचा हिशेबही करून बघू. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पर्यावरण भरपाईचं सूत्र ठरवलं. प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण यांचा तो गुणाकार आहे. प्लेटिंग लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या वर्गात म्हणून निर्देशांक ८०, रुपयांचा सुचवलेला गुणक २५०, लहान उद्योगाला ०.५, आणि २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४.८६ लाख म्हणून ठिकाणाचा गुणक १.२५. गुणाकार येतो दिवसाला १२,५०० रुपये. प्रक्रिया न केलेलं पाणी सोडताना ३० दिवसांचं उल्लंघन धरलं गेलं तर पावणेचार लाख. घातक कचरा टाकल्याचा हिशेब याहून वेगळा आहे, तो वजनावर होतो.

लहान युनिटसाठी पावणेचार लाख ही काही थोडीथोडकी रक्कम नाही. पण टाकणारा माणूस मनात या रकमेला पकडले जाण्याच्या शक्यतेनं गुणतो. समजा, वर्षभरात पकडलं जाण्याची शक्यता वीसात एक आहे असं त्याला वाटतं. मग त्याच्या लेखी दंड उरतो १८,७५० रुपये, आणि तुम्ही रांजणगावला भरता ती रक्कम याहून बरीच मोठी आणि शंभर टक्के निश्चित. जन विश्वास कायद्यानं १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या उल्लंघनांना तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाखांचा आर्थिक दंड आला. मी त्या बदलाच्या विरोधात नाही, तुरुंगाची तरतूद कागदावर होती आणि खटले वर्षानुवर्षं रेंगाळत. पण तुरुंगाची भीती गेल्यावर सगळी भिस्त पकडले जाण्याच्या शक्यतेवर येते. निरीक्षकांची पदं, नमुने घेणारी माणसं, प्रयोगशाळा हे सगळं वाढवलं नाही तर दंडाची वरची मर्यादा कितीही असो, नाल्याकाठी तिला अर्थ राहत नाही.

हवेच्या बाबतीत मात्र किंमत लावण्याचा उपाय आपल्या शेजारीच करून पाहिला गेला आहे. सुरतेत २०१९ पासून कणरूप प्रदूषणासाठी उत्सर्जन-व्यापार सुरू झाला. तीनशेहून जास्त कारखाने, बहुतेक कापडाचे आणि कोळसा जाळणारे. प्रत्येक चिमणीवर सतत मोजणी करणारं यंत्र, बाजारातल्या कारखान्यांच्या एकूण धुरावर मर्यादा, त्या मर्यादेइतके धूर सोडण्याचे परवाने, आणि ज्यानं कमी धूर सोडला त्यानं उरलेले परवाने दुसऱ्याला विकायचे. काही कारखाने या बाजारात आणि काही जुन्या पद्धतीत ठेवून तुलना केली. बाजारातल्या कारखान्यांचा धूर २० ते ३० टक्क्यांनी कमी निघाला, आणि जवळपास सगळ्यांनी परवान्यांची पूर्तता केली. लहान कारखान्यांच्या शहरात हे झालं, म्हणून नाशिकनं त्याकडे गंभीरपणे बघावं. महाराष्ट्रात २०१७ पासून चिमण्यांच्या धुरावरून कारखान्यांना तारे देण्याची योजना आहे, पण ताऱ्याला पैशाची जोड नाही.

गुजरातमधलाच दुसरा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याकडच्या कागदांबद्दल सांगतो. कारखान्याचं पर्यावरण लेखापरीक्षण करणाऱ्याला कारखानाच निवडायचा आणि फीही कारखानाच द्यायचा. अहवालात बहुतेक आकडे मर्यादेच्या जेमतेम खाली यायचे. मग काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठी टाकल्यासारखे नेमले, फी सामायिक निधीतून दिली, आणि काही नमुन्यांची पुन्हा तपासणी ठेवली. अहवाल खरे येऊ लागले, आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. तपासणाऱ्याचं पोट तपासल्या जाणाऱ्यावर अवलंबून नसावं. नाशिकच्या प्रयोगशाळांनाही हे लागू आहे. त्यांतल्या प्रामाणिक लोकांना तर त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

तरीही नाशिकची हवा निव्वळ चिमण्यांच्या बाजारानं सुधारणार नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि नाशिक मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. रस्त्यावरची धूळ, बांधकामं, मुंबई-आग्रा मार्गावरचे ट्रक, उघड्यावर जाळलेला कचरा यांना मीटर बसवता येत नाही. तिथे डांबर, झाडू, पाण्याचा फवारा आणि महापालिकेची रोजची शिस्त हेच उपाय.

आता स्लजकडे परत येतो. ज्या वस्तूची विल्हेवाट लपवता येते तिच्यावर पैसे खरेदीच्या वेळी घ्यायचे आणि योग्य ठिकाणी परत आणल्यावर द्यायचे, ही अनामत-परतावा पद्धत. डॉन फुलर्टन आणि थॉमस किनामन यांनी १९९५ मध्ये गणितानं दाखवलं की लोक चोरून कचरा टाकू शकत असतील तर कचऱ्यावर थेट कर लावण्यापेक्षा ही जोडी जास्त चांगलं काम करते. आपल्याला ती नवी नाही. सोड्याच्या काचेच्या बाटलीची अनामत दुकानात ठेवायचो, तेव्हा रिकामी बाटली गटारात कुणी फेकत नसे.

नाशिकच्या प्लेटिंगला हे कसं लागू करता येईल, याचा आराखडा माझ्या मनात बराच स्पष्ट आहे. क्रोमिक ॲसिड बनवणारे कारखाने देशात मोजके आहेत. हजारो प्लेटिंगवाल्यांच्या मागे धावण्यापेक्षा त्या मोजक्यांच्या बिलात किलोमागे अनामत बसवणं सोपं. निकेलच्या क्षारांनाही तेच. मग अंबडमधल्या युनिटचा स्लज अधिकृत केंद्रावर पोचला, तिथे तपासला गेला, की त्यातल्या धातूच्या प्रमाणात पैसे युनिटच्या खात्यात परत. आज स्लजची गोणी म्हणजे खर्च. त्या दिवशी ती पैसे आणणारी वस्तू होईल, आणि जो माणूस सध्या रात्री टँकर नाल्यात सोडतो त्याला तो सोडताना स्वतःचं नुकसान दिसेल. निरीक्षक तिथे असो वा नसो.

परतावा वजनावर ठेवू नये, धातूवरच ठेवावा. वजनावर ठेवला तर दुसऱ्याच आठवड्यात स्लजमध्ये माती मिसळायला लागतील. केंद्रावर प्रत्येक गाडीचा नमुना तसाही घेतला जातो, त्यात क्रोमियम आणि निकेल मोजून नोंदवणं एवढंच जादा काम. नगावर चढून गेलेला धातू परत येणार नाही हे उघड आहे, त्यामुळे परताव्याचा दर प्रक्रियेप्रमाणे वेगळा लागेल. हार्ड क्रोममध्ये नगावरचा थर जाड असतो, डेकोरेटिव्हमध्ये, म्हणजे निव्वळ चकाकीच्या कामात, अगदी पातळ, आणि तिथे क्रोमिक ॲसिडचा बराचसा भाग ड्रॅग-आउटमध्येच जातो. म्हणून दर ठरवताना प्लेटिंगवाल्यांना सोबत बसवावं लागेल, मुंबईतल्या कार्यालयात ते जमणार नाही.

"एवढं सगळं आपल्याकडे कोण करणार?" असं विचारलं जाईल. तुकड्यातुकड्यांनी ते चालू आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची संमती देताना बँक गॅरंटी घेतं आणि अट मोडली तर ती जप्त करतं, ही अनामतच आहे. वापरलेल्या वंगण तेलासाठी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकाची विस्तारित जबाबदारी लागू झाली: तेल विकणाऱ्यानं ठरावीक प्रमाणात वापरलेलं तेल पुनर्प्रक्रियेला गेल्याची प्रमाणपत्रं दाखवायची. पहिल्या वर्षाचं लक्ष्य ५ टक्के, पुढे ते चढत जातं. बॅटरी आणि ई-कचऱ्याचंही तसंच. प्लेटिंगचे क्षार या चौकटीत आणायला कायद्याचा डोंगर उपसावा लागणार नाही.

अडचणी खऱ्या आहेत. अनामतीमुळे लहान युनिटचं खेळतं भांडवल अडकेल, आणि ज्याला माल उधारीवर मिळतो त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. परतावा तीन-चार महिने लांबला तर लोकांचा विश्वास उडेल आणि योजना तिथेच संपेल. जीएसटीच्या परताव्याचा अनुभव सगळ्यांना आहे. माझ्या मते या योजनेचं यश दर किती यापेक्षा पैसे किती दिवसांत परत मिळतात यावर ठरेल.

हवामानाबद्दल थोडक्यात, कारण हे सगळे विषय लोक एकाच गठ्ठ्यात बांधतात. कार्बनला किंमत लावायचा प्रयत्न आपण २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावून केला, तो २०१६ पर्यंत ४०० वर गेला. ती आकारणी खाणीच्या तोंडाशी होती, म्हणून चुकवता येत नव्हती. प्लेटिंगच्या अनामतीमागचा विचार तोच आहे: पैसे जिथे माल मोजता येतो तिथे घ्यायचे.

आता तुमचं काय. धोरण येईपर्यंत तुम्ही दर महिन्याला कमी पैसे घालवू शकता.

सगळ्यात आधी बाथवरच्या माणसाजवळ दहा मिनिटं उभे राहा. रॅक वर आला की तो किती वेळ बाथवर धरतो ते घड्याळावर बघा. काम पीसवर असेल तर तो लगेच पुढच्या टाकीत टाकतो. दहा-पंधरा सेकंद जास्त निथळू दिलं, जिगवर नगांचा कोन बदलला, की ड्रॅग-आउट लक्षणीय उतरतं. पहिली धुण्याची टाकी स्थिर, म्हणजे पाणी न वाहणारी ठेवा आणि तिचं पाणी बाथची पातळी भरायला वापरा, पण आधी त्यातली अशुद्धी तपासून. पुढे एका वाहत्या टाकीऐवजी उलट्या प्रवाहाच्या दोन टाक्या ठेवा, म्हणजे नग एका दिशेनं जातील आणि पाणी उलट दिशेनं वाहील. नगांना चिकटलेलं द्रावण हजारपट पातळ करायचं असेल तर एका टाकीला एक लिटर ड्रॅग-आउटमागे १,००० लिटर पाणी लागतं, दोन टाक्यांना ३२ च्या आसपास आणि तीन टाक्यांना १० पुरतं. कुठलंही यंत्र इतकं वाचवत नाही.

मग स्लजचं वजन. तुम्ही रांजणगावला पैसे भरता त्यात मोठा वाटा पाण्याच्या वजनाचा असतो. ८० टक्के ओलाव्याचा एक टन स्लज म्हणजे २०० किलो घन पदार्थ. तोच ४० टक्के ओलाव्यावर आणला तर वजन ३३३ किलो. गाळातलं पाणी दाबून काढणाऱ्या फिल्टर प्रेसचं कापड वेळेवर बदला, पुढे छपराखालच्या पक्क्या ओट्यावर वाळवा. उघड्यावर नको, पहिल्या पावसात सगळं वाहून जातं आणि तुम्ही जे टाळताय तेच घडतं. झिंकचा बाथ सायनाइडचा असेल तर त्याचं पाणी ॲसिडच्या लाइनला कधीही मिळू देऊ नका, त्यातून निघणारा हायड्रोजन सायनाइड वायू जिवावर बेततो. त्याची हायपोक्लोराइटची प्रक्रिया वेगळ्या टाकीत, पीएच १० च्या वर ठेवून करायची.

साठवणुकीला २०१६ च्या नियमांत ९० दिवस आहेत. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्याला मंडळ मुदत वाढवून देऊ शकतं. ती लेखी मागा. गाडी भरेपर्यंत थांबता आलं की भाडं वाटलं जातं. त्याहून चांगलं म्हणजे गल्लीतल्या पाच-सहा युनिटनी केंद्राशी बोलून एकाच फेरीची गाडी ठरवायची. प्रत्येकाचा मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा वाहतुकीचा कागद) वेगळा, गोण्यांना लेबल वेगळं, गाडी एक. मॅनिफेस्टच्या सात प्रतींपैकी केंद्राकडून तुमच्याकडे परत येणारी निळी प्रत आली की नाही हे प्रत्येक वेळी तपासा. नियमानं नुकसानीची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरही आहे, आणि वाटेत माल गायब झाला तर तुमच्या बाजूनं बोलणारा कागद तोच.

शेवटचा मुद्दा दराचा, आणि यात बहुतेक जण संकोचतात. जॉबवर्कच्या कोटेशनमध्ये स्लज विल्हेवाट ही ओळ वेगळी दाखवा, नगामागे किती पैसे ते लिहा आणि मागच्या वर्षाच्या मॅनिफेस्टच्या प्रती जोडा. तुमचे ग्राहक मोठ्या वाहन कंपन्यांना माल देतात, आणि त्या कंपन्यांचे ऑडिटर आता पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत विचारायला लागले आहेत. खरेदी विभागाचा माणूस नगामागे दहा पैशांसाठी घासाघीस करेल, पण ज्याच्याकडे निळ्या प्रतींची फाइल आहे आणि ज्याच्याकडे नाही, अशा दोन कोटेशनमध्ये निवड करायची वेळ आली की त्यालाही स्वतःचं ऑडिट आठवतं. खरेदीच्या माणसाला ही ओळ समजावताना सोबत ईटीपीचं लॉगबुकही न्या, रोजच्या पीएचच्या नोंदींसह.